सगळं होतं, इंजिन नव्हतं: सुखोई-६ चं प्रकरण

लोहगावच्या तळावर १९९७ साली पहिली सुखोई-३० उतरली, आणि पुढे ओझरच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय बांधली जाऊ लागली. पुणे-नाशिककडच्या माणसाला हे नाव आता घरातल्यासारखं झालंय. पण ज्यांचं हे आडनाव, त्या सोव्हिएत विमान-अभियंता पावेल ओसिपोविच सुखोई यांना दुसऱ्या महायुद्धात एका विमानाने फार चटका लावला. ते विमान म्हणजे सुखोई-६, जमिनीवरच्या शत्रूवर मारा करणारं. जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिलं. सरकारने त्यासाठी सुखोईंना देशातलं सर्वोच्च पारितोषिक दिलं. तरीही आघाडीवरच्या एकाही तुकडीला ते मिळालं नाही.

स्टॅलिनची मर्जी, प्रतिस्पर्धी अभियंता इल्यूशिनची वट, असं म्हणून हे प्रकरण दोन वाक्यांत मिटवलं जातं. मला ते पटत नाही. निर्णय कुठे कुठे झाले आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांच्या हातात काय होतं, हे एकेक करून पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. त्यासाठी हे टिपण.

पार्श्वभूमी

सोव्हिएत सैन्यात एका प्रकारच्या विमानाला 'श्टुर्मोविक' म्हणत, म्हणजे शत्रूवर तुटून पडणारं. त्याने जमिनीलगत उडत जायचं आणि खंदक, मालगाड्या, ट्रकचे ताफे, रणगाडे यांच्यावर थेट मारा करायचा. इतक्या खालून उडणाऱ्या विमानावर साध्या बंदुकीपासून हलक्या विमानवेधी तोफेपर्यंत जे हाताशी असेल ते झाडलं जातं. त्यामुळे त्याला चिलखत लागतं. चिलखत आलं की वजन वाढतं आणि वजन वाढलं की ताकदवान इंजिन हवं. विमानाचं सारं गणित शेवटी इंजिनापाशी येऊन थांबतं.

सर्गेई इल्यूशिन यांनी हे गणित आधी सोडवलं. त्यांनी चिलखताचा भार सांगाड्यावर टाकण्याऐवजी चिलखतालाच विमानाचा पुढचा सांगाडा बनवलं. सुमारे ७०० किलोच्या पोलादी टबात इंजिन, रेडिएटर, टाक्या आणि वैमानिक बसले. त्यांचं पहिलं नमुना विमान ऑक्टोबर १९३९ मध्ये उडालं. त्यात मागे तोंड करून बसणारा नेमबाजही होता. पुढे ती जागा काढून टाकली गेली, मिकुलिन यांचं द्रवाने थंड होणारं एएम-३८ इंजिन बसलं, आणि १९४१ च्या सुरुवातीला वोरोनेझच्या कारखान्यातून एका आसनाचं इल-२ बाहेर पडू लागलं.

सुखोईंचं काम १९३९ मध्येच सुरू झालं होतं. ४ मार्च १९४० रोजी त्यांना दोन नमुना विमानांची ऑर्डर मिळाली. त्यांनी इंजिन निवडलं ते अर्कादी श्वेत्सोव यांचं एम-७१.

या इंजिनावर थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. एम-७१ मध्ये चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार लावलेले नऊ-नऊ सिलिंडर दोन रांगांत, एकूण अठरा. ताकद उड्डाणाच्या वेळी सुमारे २,००० अश्वशक्ती. हे इंजिन हवेने थंड होतं. त्याला रेडिएटर नाही, द्रवाच्या नळ्या नाहीत. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या नळीला एक गोळी लागली की द्रव गळून जातो आणि थोड्याच वेळात इंजिन अडकतं. गोल इंजिनाचा एखादा सिलिंडर फुटला तरी बाकीचे बऱ्याचदा विमान घरी आणतात. शिवाय ते धुडच वैमानिकापुढे ढालीसारखं उभं असतं. जमिनीलगत उडून मार खाणाऱ्या विमानाला याहून साजेसं काय असणार? कागदावर सुखोईंची निवड अगदी बरोबर होती.

अडचण

१ मार्च १९४१ रोजी चाचणी वैमानिक कोकिन यांनी पहिलं सुखोई-६ आकाशात नेलं. जवळजवळ प्रत्येक बाबतीत ते इल-२ पेक्षा सरस ठरलं. पण चाचण्या पुऱ्या होण्याआधीच इंजिनाचं ठरवून दिलेलं आयुष्य संपलं, आणि बदलायला दुसरं एम-७१ नव्हतं.

हे वाचताना मला वाटतं, निकाल तिथेच लिहिला गेला होता, फक्त कोणी तो मोठ्याने वाचला नाही. एका नमुना विमानाला दुसरं इंजिन मिळत नसेल तर शेकडो विमानांना कुठून मिळणार? एम-७१ अजून नियमित उत्पादनात आलेलं नव्हतं. जी इंजिनं होती ती मोजकी, प्रयोगाच्या पातळीवरची. आणि त्यांवर नजर असणारे सुखोई एकटे नव्हते. पोलिकार्पोव यांचं आय-१८५ हे लढाऊ विमानही याच इंजिनाची वाट पाहत होतं.

त्याच श्वेत्सोव यांनी त्याच सुमारास एक लहान भावंडही तयार केलं होतं: एम-८२, चौदा सिलिंडर, सुमारे १,७०० अश्वशक्ती. ताकद कमी, पण कारखान्याच्या चौकटीत बसणारं. पेर्मच्या इंजिन कारखान्यात १९४१ मध्ये उत्पादनाची जागा एम-८२ ला मिळाली. (पेर्मचं नाव तेव्हा मोलोतोव होतं.)

२२ जून १९४१ ला जर्मन सैन्य सोव्हिएत सीमा ओलांडून आत घुसलं. कारखानेच्या कारखाने आगगाड्यांवर चढवून पूर्वेकडे हलवावे लागले. सुखोईंची विमानं आखणारी संस्थाही शरद ऋतूत मोलोतोवला गेली. म्हणजे विमानाचा अभियंता आणि त्याला हवं असलेल्या इंजिनाचा अभियंता आता एकाच शहरात होते, तरी इंजिन मिळत नव्हतं. दुसरं नमुना विमान या धांदलीमुळे जानेवारी १९४२ मध्ये उडालं.

पर्याय काय होते

१९४२ च्या सुरुवातीला निर्णय घेणाऱ्यांपुढे काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणायला हवं.

दुसऱ्या नमुन्यावर दोन २३ मिलिमीटर तोफा, चार मशीनगन आणि दहा रॉकेटांच्या पट्ट्या होत्या. हवाई दलाच्या चाचणी संस्थेने त्याचं परीक्षण केलं आणि स्पष्ट शिफारस केली: थोडी विमानं बांधा आणि प्रत्यक्ष आघाडीवर पाठवून पाहा. राज्य संरक्षण समितीसाठी, म्हणजे युद्धकाळातल्या सर्वोच्च सोव्हिएत समितीसाठी, २५ विमानांच्या ठरावाचा मसुदाही तयार झाला.

दुसऱ्या बाजूला इल-२ ची परिस्थिती अशी की वोरोनेझचा कारखाना नुकताच कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, हलला होता. कडाक्याच्या थंडीत, अर्धवट बांधलेल्या शेडमध्ये उत्पादन पुन्हा उभं राहत होतं. डिसेंबर १९४१ मध्ये स्टॅलिनने कारखान्याच्या संचालकांना जी तार पाठवली ती प्रसिद्ध आहे. लाल सेनेला इल-२ हवेसारखं, भाकरीसारखं हवंय, असं तिच्यात म्हटलं होतं, आणि दिवसाला एकच विमान दिल्याबद्दल खरडपट्टी काढली होती. तारेत शेवटचा इशाराही होता. ज्या महिन्यांत दिवसाला एका विमानावरून संचालकांची मानगूट धरली जात होती, त्याच महिन्यांत कोणीतरी समितीपुढे म्हणायला हवं होतं की आपण दुसरं, अजून चांगलं विमान सुरू करू, आणि त्यासाठी ज्याचं उत्पादनच होत नाही असं इंजिन बनवू.

एक वाट होती पेर्मच्या कारखान्यात एम-७१ सुरू करण्याची. पण यंत्रं तीच, कुशल हात तेच. जितकी एम-७१ वाढतील तितकी एम-८२ कमी होतील. एम-८२ वर लावोच्किन यांचं ला-५ हे नवं लढाऊ विमान उभं राहत होतं, तुपोलेव यांचं तु-२ बाँबफेकी विमानही त्याच इंजिनावर होतं. १९४२ च्या शरद ऋतूत स्टालिनग्राडवर ला-५ उडाली ती या इंजिनामुळे. ती इंजिनं तोडून सुखोई-६ ला द्यायची म्हणजे आकाशातली छत्री काढून घेऊन खालच्याच्या हातात चांगली तलवार देण्यासारखं झालं असतं.

दुसरी वाट: २५ विमानांची छोटी तुकडी. ऐकायला अगदी माफक वाटतं. पण आघाडीवर २५ विमानं ठेवायची तर बदलीची इंजिनं, सुटे भाग, नव्या इंजिनावर शिकलेले मेकॅनिक, सगळं लागतं. हे सारं अशा इंजिनासाठी ज्याची उत्पादनाची साखळीच नव्हती.

तिसरी वाट: सुखोई-६ ला सुरुवातीपासून एम-८२ वर बेतायचं. सुमारे ३०० अश्वशक्ती गमवायच्या, त्या हिशोबाने चिलखत किंवा शस्त्रं कमी करायची, वेग थोडा सोडायचा. हीच युक्ती इल-२ वरही करून पाहिली गेली होती. एएम-३८ चा पुरवठा तुटला तर काय, या भीतीने एम-८२ बसवलेलं इल-२ तयार करून उडवलं गेलं. एएम-३८ मिळत राहिलं, म्हणून ते बाजूला ठेवलं. म्हणजे विजेत्याच्या बाजूला राखीव इंजिनाचा विचार झाला होता.

चौथी वाट निवडली गेली: इल-२ च बनवत राहायचं, त्यातच सुधारणा करायच्या, आणि सुखोई-६ चं काम बंद न करता चालू ठेवायचं. २५ विमानांच्या मसुद्यावर मंजुरीची सही झाली नाही.

काय केलं गेलं

आघाडीवरून एक तक्रार सतत येत होती. एका आसनाच्या इल-२ वर जर्मन लढाऊ विमानं मागून येऊन बसत आणि वैमानिकाला काही करता येत नसे. इल्यूशिन यांना आधी काढून टाकलेला मागचा नेमबाज परत आणावा लागला, आणि १९४२ च्या शरद ऋतूपासून दोन आसनांचं इल-२ आघाडीवर दिसू लागलं. पण तो नेमबाज बसला चिलखताच्या टबाबाहेर. चालू उत्पादन थांबवायचं नव्हतं, त्यामुळे टबाचा आकार बदलता येत नव्हता. वैमानिक पोलादाच्या आत आणि त्याचा सोबती जवळजवळ उघड्यावर. उत्पादनाच्या आकड्याची किंमत माणसं कशी मोजतात याचं याहून बोचरं उदाहरण मला माहीत नाही.

सुखोईंनी तोच धडा घेतला, पण त्यांच्याकडे उत्पादनाची साखळी नसल्याने हात मोकळे होते. तिसरा नमुना दोन आसनांचा झाला आणि त्यात नेमबाजालाही चिलखताचं संरक्षण मिळालं. इंजिन होतं एम-७१ एफ, सुमारे २,२०० अश्वशक्तीचं. पंखांत दोन ३७ मिलिमीटर तोफा, मागे १२.७ मिलिमीटरची मशीनगन. १९४३ च्या उन्हाळ्यात सरकारी चाचण्या झाल्या. वेग ताशी ५१४ किलोमीटर. त्याच कामासाठी आणि जवळपास त्याच शस्त्रांसह उडणाऱ्या इल-२ पेक्षा हे विमान ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगवान होतं. जमिनीलगत उडणाऱ्यासाठी याचा अर्थ साधा आहे: तोफेच्या टप्प्यात कमी सेकंद राहायचं.

त्याच उन्हाळ्यात, जुलै १९४३ मध्ये, कुर्स्कची लढाई झाली, आणि तिथे इल-२ ने एक नवं हत्यार वापरलं. पीटीएबी नावाचे दीडेक किलोचे रणगाडाभेदी छोटे बाँब. एकेका विमानातून ते शेकड्याने सांडले जात. रणगाड्याच्या वरच्या पातळ पत्र्यावर एक पडला तरी काम होई. या गोष्टीचा सुखोई-६ वर जो परिणाम झाला त्याकडे फार कोणी बघत नाही असं मला वाटतं. अचूक नेम धरून मोठ्या तोफेने रणगाडा फोडायचा असेल तर वेगवान, स्थिर, चपळ विमानाला महत्त्व येतं. बाँबांचा सडा टाकायचा असेल तर विमानांची संख्या मोलाची ठरते. सुखोई-६ जेव्हा आपली गुणवत्ता सिद्ध करत होतं, नेमक्या त्याच आठवड्यांत आघाडीवर संख्येचं पारडं जड झालं.

चाचणीचा अहवाल उत्तम आला. १९४३ मध्येच सुखोईंना या विमानासाठी प्रथम श्रेणीचं स्टॅलिन पारितोषिक मिळालं. त्यांनी ती रक्कम संरक्षण निधीला देऊन टाकली. ज्याचं उत्पादन करायचं नाही त्या विमानासाठी पारितोषिक, हे आपल्याला विचित्र वाटेल. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. विमान चांगलं आहे हे कोणी नाकारत नव्हतं.

पण एम-७१ एफ चं उत्पादन रद्द झालं होतं. सुखोईंना सांगण्यात आलं, मिकुलिन यांचं नवं एएम-४२ बसवा. द्रवाने थंड होणारं, सुमारे २,००० अश्वशक्तीचं.

प्रकरणातला सर्वांत दुर्दैवी टप्पा हाच. जे विमान गोल, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती रेखलं होतं, त्यात आता लांबट इंजिन, रेडिएटर आणि नळ्यांचं जाळं बसवायचं. त्या नळ्या झाकायला चिलखत वाढवायचं. सुमारे २५० किलोंची भर पडली, शक्ती मात्र घटली. इंधन आणि दारूगोळ्याची जागाही आक्रसली.

इल्यूशिन यांनी त्याच एएम-४२ भोवती कोऱ्या कागदावर नवं विमान रेखलं. जुन्या इल-२ पेक्षा आटोपशीर, नेमबाजाला चिलखताच्या आत घेणारं. ते इल-१० एप्रिल १९४४ मध्ये उडालं आणि त्याच वर्षी उत्पादनात गेलं. एएम-४२ वालं सुखोई-६ चाचणीला आलं तेव्हा तुलना या इल-१० शी झाली. वळण्यात आणि शस्त्रांत सुखोई-६ वरचढ होतं, एकूण कामगिरीत मागे पडलं.

निकाल

सुखोई-६ चं काम संपलं. नमुन्यांपलीकडे एकही विमान बांधलं गेलं नाही. एम-७१ वर विसंबलेलं आय-१८५ देखील उत्पादनात गेलं नाही. दोन एम-७१ एफ लावून सुखोईंनी सुखोई-८ नावाचं मोठं हल्ला-विमानही उडवलं होतं, त्याचंही तेच झालं. एक इंजिन रद्द झालं आणि त्याच्यामागे विमानांची रांगच कोसळली.

इल-२ मात्र ३६ हजारांहून अधिक बनलं. १९४९ मध्ये सुखोईंची संस्थाच बंद करण्यात आली, ती १९५३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

वेगळं काय करता आलं असतं

२५ विमानांना नकार देणं ही चूक होती, असं बरेच लोक म्हणतात. मी त्या बाजूचा नाही. १९४२ च्या हिवाळ्यात तो नकार समजण्यासारखा आहे. इंजिनाशिवाय आघाडीवर उभ्या राहिलेल्या विमानाचा पायदळातल्या सैनिकाला काही उपयोग नसतो.

माझ्या मते चूक त्यानंतरची आहे. नकार दिल्यावर कोणीतरी सुखोईंना स्पष्ट सांगायला हवं होतं की एम-७१ येणार नाही, आजपासून दुसऱ्या इंजिनावर रेखाटा. तसं झालं नाही. पुढचं दीड वर्ष ते त्याच इंजिनाच्या अधिक ताकदवान आवृत्तीवर विमान सुधारत राहिले, चाचण्या होत राहिल्या, कौतुकाचे अहवाल येत राहिले. इंजिनाचा निर्णय एका टेबलावर आणि विमानाचा दुसऱ्या टेबलावर. दोन्ही टेबलांवरची माणसं हुशार होती, आपापल्या जागी बरोबरही होती. पण ते दीड वर्ष एम-८२ वाल्या, थोड्या हळू पण बांधता येण्याजोग्या सुखोई-६ वर खर्च झालं असतं, तर १९४३ च्या उन्हाळ्यात चाचणी संस्थेच्या शिफारशीला पुढे जायला निदान रस्ता असता. ते विमान इल-२ च्या कितपत पुढे राहिलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. नेमबाज चिलखतात असता, इंजिन हवेने थंड होणारं असतं, आणि कारखाना चालू असता, एवढं नक्की.

सुखोईंचीही एक चूक मोजायला हवी. १९४१ च्या वसंतात बदलीचं इंजिन मिळालं नाही तेव्हाच त्यांनी दुसरा नमुना दुसऱ्या इंजिनावर मागायला हवा होता. दोन नमुने, दोन्हींचं भवितव्य एकाच इंजिनावर, ही बांधणी धोक्याची होती. आणि १९४४ मध्ये एएम-४२ हाती आलं तेव्हा जुन्या शरीरात ते कोंबण्याऐवजी इल्यूशिनसारखं नव्याने रेखायला हवं होतं. वेळ कमी होता हे खरं. पण वेळ इल्यूशिनलाही कमीच होता.

हे वाचताना भारतीय वाचकाला एचएफ-२४ मारुत आठवल्यावाचून राहणार नाही. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं, जून १९६१ मध्ये उडालेलं सुंदर विमान. ज्या इंजिनावर ते बेतलं होतं ते ब्रिटनमध्ये पूर्णत्वाला गेलंच नाही, आणि कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ वर भागवावं लागलं. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुत लढलं, जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करत. पण त्याच्या शरीरात जो वेग होता तो त्याच्या इंजिनात कधीच आला नाही.

सुखोईंच्या संस्थेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा एक चिलखती हल्ला-विमान आखायला घेतलं, सरकारने सांगण्याआधी, स्वतःहून. १९६९ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. समोर पुन्हा इल्यूशिन यांची संस्था होती, पुन्हा मागे नेमबाज बसवलेलं विमान घेऊन. या वेळी सुखोई संस्थेने नव्या, अजून न घडलेल्या इंजिनावर काही बेतलं नाही. पहिलं नमुना विमान मिग-१९ च्या जुन्या इंजिनावर उडवलं, २२ फेब्रुवारी १९७५ रोजी. उत्पादनातल्या विमानांना जे इंजिन बसलं ते मिग-२१ च्या आर-१३ घराण्यातलं, ज्याचे कारखाने आधीच चालू होते. ते विमान सुखोई-२५. पावेल सुखोई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.